फिशरिंगचा खंदक आजही भरलेला कसा?

प्रश्न (सांगली) : इथल्या गणेशदुर्ग या भुईकोट किल्ल्याजवळच लहानाचा मोठा झालो, म्हणून कुतूहलाने विचारतो, की जर्मनीतील फिशरिंगच्या कोटाभोवती आजही पाणी कसे आहे?

उत्तर : म्युन्स्टरच्या बिशपने १२७१ मध्ये, ल्युडिंगहाउझेनच्या सरदारांना शह देण्यासाठी तो उभारला; मुलूख सपाट, डोंगराचा आधार नाही, म्हणून श्टेव्हर नदीचे पाणीच भोवती खेळवले, आणि नदी जवळ असल्याने खंदक आजही भरलेला आहे.

उत्तर (सातारा) : आमच्या अजिंक्यताऱ्याला कडा लाभला, फिशरिंगला संरक्षणाचे ते काम पाण्याने केले. १५२१ च्या आगीनंतर जुन्या पायावरच पुन्हा बांधकाम झाले, त्यामुळे जाड वर्तुळाकार भिंतीतच प्रबोधनकालीन (रेनेसाँ शैलीच्या) खिडक्या दिसतात. मला विशेष आवडतो तो थेट पाण्यावर झुकलेला दगडी सज्जा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आत काय आहे?

उत्तर : संग्रहालय.