मदत हवी आहे : भरावाखालच्या गाळाचा शिअर वेव्ह वेग दुप्पट येतोय

नमस्कार मंडळी. कुर्ल्यात मिठी नदीजवळच्या भूखंडावर एमएएसडब्ल्यू (पृष्ठलहरींवरून जमिनीखालच्या थरांतला शिअर वेव्हचा, म्हणजे आडव्या कंपनाच्या लहरीचा, वेग काढायची चाचणी) चालू आहे. वर ३ मीटर दगडगोट्यांचा भराव, खाली खाडीचा काळा गाळ, बोअरमध्ये मुरूम १६ मीटरवर. मांडणी : २४ जिओफोन (जमिनीची कंपनं टिपणारे सेन्सर), ४.५ हर्ट्झचे, २ मीटर अंतराने. ८ किलोचा घण, लोखंडी पत्रा, दर ठिकाणी १० ठोके.

इन्व्हर्जनमध्ये (मोजलेल्या लहरींवरून थरांचे वेग उलट काढताना) गाळाचा वेग २१० मीटर प्रतिसेकंद येतो. एसपीटीचा एन (बोअरमध्ये नळी ३० सेंटिमीटर आत जायला लागणारे ठोके) मात्र २–३, त्या हिशेबाने १००–१२० हवा. माझा संशय असा : कडक थर वर आणि मऊ खाली असल्यामुळे १५ हर्ट्झच्या वर उच्च मोड (त्याच पृष्ठलहरीचा जास्त वेगाने धावणारा प्रकार) ठळक होतो आणि तोच मूळ मोड समजून पिक केला जातो. वेग-वारंवारतेच्या आलेखात त्या पट्ट्यात दोन रेघा एकमेकींना अगदी चिकटलेल्या दिसतात. ८ हर्ट्झच्या खाली तर सगळं विस्कटतं, आणि ४६ मीटरच्या पसाऱ्यातून २३ मीटरपेक्षा खोलचं काही खात्रीचं मिळत नाही. मग व्हीएस३० (वरच्या ३० मीटरांचा सरासरी शिअर वेव्ह वेग) कसा द्यायचा?

लोकलची कंपनं पॅसिव्ह मोजणीला (घण न मारता, आयत्या कंपनांवर) वापरावीत असं वाटतं, पण रूळ ओळीला तिरपे आहेत. सरळ ओळीत वेग फुगूनच येणार. वर्तुळाकार मांडणीला जागा जेमतेम २५ मीटर.

एचव्हीएसआरचं (आडव्या आणि उभ्या कंपनांच्या गुणोत्तराचं) शिखर २ हर्ट्झच्या आसपास आहे. १३ मीटर गाळ, १२० वेग धरला तर साधारण २.३ हर्ट्झ येतं, म्हणजे जवळपास जुळतं. हे शिखर घेऊन संयुक्त इन्व्हर्जन कुणी केलंय का? उच्च मोड वेगळा पिक करावा, की भरावाच्या थराचे आकडे आधीच पक्के करून टाकावेत? इमारतीचा पाया यावर ठरणार आहे, म्हणून अंदाजाने आकडा द्यायचा नाही.