मदत हवी आहे : दीड ते तीन वर्षांच्या मुलांकडून करून घेण्याजोग्या ईस्टरच्या सोप्या आणि स्वस्त वस्तू

सर्वांना नमस्कार.

ठाण्यात चरईला मी घरच्या घरी पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे दीड ते तीन वर्षांची नऊ मुले असतात. आकाशकंदील, राखी, गुढी असे काही ना काही आम्ही सणावारी करतो, पण ईस्टरला आजवर काही केले नव्हते. यंदा आमच्यात ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाणे-वसई भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) कुटुंबातली एक अडीच वर्षांची मुलगी आहे. नाताळात सगळ्या मुलांनी मिळून कागदाची चांदणी केली, तेव्हा तिला न्यायला आलेल्या आजींना इतका आनंद झाला, की ईस्टरही नीट समजून घेऊन करावा असे तेव्हाच ठरवले. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ईस्टर ५ एप्रिलला आहे. ३ तारखेला गुड फ्रायडेची सुट्टी असल्यामुळे गुरुवारी, २ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या दिवशीच वस्तू मुलांबरोबर घरी पाठवाव्या लागतील. (ईस्टर हा वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात, म्हणून तो बहुतेक वेळा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येतो, हे मला या निमित्ताने समजले आणि फार आवडले.) हाताशी जेमतेम दहा दिवस आहेत आणि नऊ मुलांचा मिळून खर्च तीनशे रुपयांत बसवायचा आहे.

पहिली अडचण अंड्याचीच आहे. माझ्याकडच्या तीन मुलांची घरे पूर्ण शाकाहारी आहेत. सणाला त्यांची काहीच हरकत नाही, परंतु मुलाच्या हातात अंडे किंवा अंड्याचे कवच देऊ नये, असे त्यांनी आधीच सांगितले आहे आणि मला ते मान्य आहे. शिवाय एका मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. त्यामुळे कांद्याच्या सालांत किंवा हळदीत उकडून रंगवलेली अंडी, कवचात माती भरून रुजवलेली मेथी, हे सगळे सुंदर असले तरी माझ्या उपयोगाचे नाही. एक-दोन मुलांना बाजूला बसवून बाकीच्यांकडून करून घेणे मला पटत नाही. जे करायचे ते नऊही जणांनी करावे.

त्या आजींशी मी बोलले. ससा आणि रंगीत अंडी आता दुकानांमुळे सगळ्यांना ठाऊक झाली आहेत, पण त्यांच्या घरी लहानपणापासून सांगितली जाणारी गोष्ट रिकाम्या कबरीची आहे. शुक्रवारी येशूला क्रुसावर मृत्यू आला, त्याला खडकात खोदलेल्या कबरीत ठेवून तोंडाशी मोठा धोंडा लावला, आणि रविवारी पहाटे स्त्रिया तिथे गेल्या तेव्हा धोंडा बाजूला झालेला होता आणि कबर रिकामी होती, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला होता. अंडेदेखील त्याचेच चिन्ह मानतात, बाहेरून बंद आणि आत जीव. हे ऐकल्यावर मला वाटले, की दोन वर्षांच्या मुलाला अंडे रंगवण्यापेक्षा धोंडा सरकवणे जास्त कळेल, कारण या वयात झाकणे आणि उघडणे यासारखा दुसरा खेळ नसतो.

म्हणून परवा एक करवंटी घासूनपुसून, कडा काचकागदाने गुळगुळीत करून, जाड पुठ्ठ्यावर आडवी चिकटवली. तोंड समोर ठेवले, की ती अगदी गुहेसारखी दिसते. वर्तमानपत्राचा कागद चुरगळून मुठीपेक्षा मोठा गोळा केला, त्यावर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चढवल्या आणि वाळल्यावर तो धोंडा म्हणून करवंटीच्या तोंडाशी टेकवला. पट्ट्या चढवण्याचे काम मुलांनीच केले. सर्वांत लहान मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. त्याने दोन्ही हातांनी धोंडा बाजूला ढकलला, करवंटीत पाहिले, हात घालून आतली पाठ चाचपली आणि माझ्याकडे वळून "नाही" म्हणाला. मग धोंडा पुन्हा जागेवर ठेवून सगळे पहिल्यापासून केले, आणि असे किती वेळा केले ते मी मोजलेसुद्धा नाही. ही वस्तू नक्की करायची. करवंट्या घरच्या आणि शेजारच्या मिळून जमल्या आहेत, म्हणजे इथे खर्च जवळजवळ नाहीच.

दुसरी वस्तू बटाट्याच्या ठशांची. लांबट बटाटा उभा कापला, की त्याचा काप अंड्याच्याच आकाराचा असतो, त्यामुळे अंड्याला हात न लावता कागदावर हवी तितकी अंडी उमटतात. कापलेली बाजू फडक्याने टिपून दहा मिनिटे तशीच ठेवावी लागते, नाहीतर बटाट्याच्या पाण्याने रंग फिसकटतो. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग घातल्यास तो बेताचा लागतो. भेंडीचे देठाकडचे तुकडे वापरून त्याच कागदावर फुलेही उमटवता येतात. हळदीचा पिवळा आणि बिटाचा गुलाबी रंग मी मैद्याच्या पातळ पेजेत कालवून घरीच केला. रंगपंचमीचे उरलेले रंग मात्र कोणीही या कामाला घेऊ नयेत.

चिकटवण्यासाठीही मी घरची खळच वापरते. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, उकळत्या वाटीभर पाण्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. या उकाड्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोजची रोज करावी. आमच्या लहानपणी वह्यापुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या खळीत त्याचा कणही जाऊ देऊ नये.

सावधगिरीबद्दल इतके लिहिण्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी कागदी प्राण्यांना बाजारात मिळणारे प्लास्टिकचे हलते डोळे लावले होते. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात एका मुलीने त्यातला एक उपटून तोंडात टाकला. तो जिभेवरच होता म्हणून बोटाने काढता आला, पण त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. मणी, बटणे, थर्माकोलचे गोळे, टिकल्या, सगळे त्यात आले. न फुगवलेले आणि फुटलेले फुगेही नकोत, त्यामुळे फुग्यावर दोरा गुंडाळून केलेले अंडेही बाद.

आता मदत हवी आहे ती दोन गोष्टींत.

मिठाच्या कणकेची अंडी मी करून पाहिली. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि वाटीला थोडे कमी पाणी असे प्रमाण घेतले. वरून ती कडक झाली, पण तीन दिवस उन्हात ठेवूनही आत ओलीच राहिली, आणि नंतर खिडकीत ठेवली तर पुन्हा दमट होऊन भेगा पडल्या. खाडीच्या हवेत हे कोणाला जमले आहे का? चपटी, अर्धा सेंटीमीटर जाडीची केली तर टिकतील का, की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवणेच बरे? इतके मीठ मुलाच्या पोटात गेल्यास ते घातक ठरू शकते, त्यामुळे कणकेच्या वेळी मी दोन-दोन मुलांनाच घेऊन बसणार आहे, हे आधीच सांगते.

दुसरे कोकरू. येशूला 'देवाचे कोकरू' म्हणतात, म्हणून आजींच्या मते सशापेक्षा कोकरू या सणाला जवळचे आहे, आणि मलाही तेच करायचे आहे. पण खळीने चिकटवलेला कापूस मुले लगेच उपटतात आणि तोंडात घालतात. कापसाऐवजी असे काय वापरावे, जे हाताला मऊ लागेल, पांढरे असेल, सुटून येणार नाही आणि नऊ कोकरांना साठ-सत्तर रुपयांत पुरेल? जुन्या टर्किश टॉवेलचे तुकडे कापून लावावेत असा एक विचार आहे, पण त्याचे धागे निघतात. कोणी असे कोकरू केले असेल, तर कापड कोणते घेतले आणि कडा कशा बंद केल्या, ते कृपया सविस्तर लिहावे. सोमवारपासून कामाला लागायचे आहे, म्हणून रविवार रात्रीपर्यंत उत्तर मिळाल्यास सामान आणायला वेळ मिळेल.