आडनाव एक म्हणजे घराणं एक?

दप्तरदार
निकाल लागला की 'एकाच आडनावाचे इतके आमदार' असे तक्ते फिरायला लागतात, वर मथळा 'घराणेशाही'. माझं म्हणणं, महाराष्ट्रात आडनावावरून घराणं मोजणं बाद करा. चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री झाले: यशवंतराव, शंकरराव, अशोक, पृथ्वीराज. यात नातं एकच, शंकरराव आणि अशोक हे बापलेक. पाटील दोन, वसंतदादा आणि शिवाजीराव निलंगेकर, संबंध नाही. शिंदे दोन, एक सोलापूरचे सुशीलकुमार, दुसरे ठाण्याचे एकनाथ, तिथेही नाही. नाईकांचं तेवढं जुळतं, वसंतराव काका आणि सुधाकरराव पुतणे.

पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात वतनं, म्हणजे गावकामाची वंशपरंपरागत पदं. जितकी गावं तितके पाटील. २०२४ ची सांगली लोकसभा बघा: विशाल पाटील, संजयकाका पाटील, चंद्रहार पाटील. तीन पाटील, तीन घरं. त्यातला एक वसंतदादांचा नातू, एक डबल महाराष्ट्र केसरी पैलवान. तक्त्यात मात्र तिघंही एकाच रकान्यात.

उलटतपासणी
असहमत, आणि पुरावा तुमच्याच यादीतला. पृथ्वीराज चव्हाण शंकररावांचे कुणी नाहीत, मान्य. पण वडील दाजीसाहेब आणि आई प्रेमलाकाकी दोघंही कराडचे खासदार होते. निलंगेकरांचे नातू संभाजी पाटील मंत्री झाले. 'नातं नाही' म्हणून तुम्ही ज्यांना बाजूला काढलंत, ती घराणीच निघाली, फक्त वेगळी.

आडनावाचा तक्ता घराणेशाही फुगवत नाही, उलट झाकतो. सुप्रिया सुळे पवारांच्या रकान्यात येतच नाहीत. बारामतीला २०२४ मध्ये सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार ही नणंद-भावजयींची लढत होती. आडनावावर जाणाऱ्याला ती दोन परक्यांची वाटेल. ज्योतिरादित्य इंग्रजी वळणाने 'सिंधिया' लिहितात, मूळ शिंदे. आणि त्यांच्या आत्या वसुंधरा राजे आडनाव लावतच नाहीत.

रकानेवाला
तुम्ही दोघंही निष्कर्षावर भांडताय, बिघाड त्याच्या आधी, यादी करतानाच होतो. नावातला शेवटचा शब्द आडनाव धरला की 'विखे पाटील' आणि 'मोहिते पाटील' थेट पाटलांत जातात. नाव 'पाटील जयंत राजाराम' असं आडनाव आधी धरून लिहिलेलं असेल तर आडनाव होतं 'राजाराम'. यादी इंग्रजी स्पेलिंगवरून केली तर भोसले तीन प्रकारचे होतात.

जयंत पाटील हे नाव तर कसोटीच आहे. एक राष्ट्रवादीचे, इस्लामपूरचे, जयंत राजाराम. दुसरे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप), रायगडचे, जयंत प्रभाकर. दोघंही एकाच वेळी विधिमंडळात होते. जुलै २०२४ च्या विधान परिषद निवडणुकीत शेकापचे हरले. नुसतं 'जयंत पाटील पराभूत' एवढंच वाचणाऱ्याने कुणाचा पराभव समजायचा?

म्हणून नाव, वडिलांचं नाव आणि मतदारसंघ हे तीन रकाने एकत्र जुळल्याशिवाय 'तोच माणूस' म्हणायचं नाही. उमेदवार अर्जासोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र देतो, त्यात वडिलांचं नाव सुरुवातीलाच मिळतं. गोम अशी की तिथे 'मुलगा/मुलगी/पत्नी' यांपैकी एकच लिहायचं असतं. विवाहित उमेदवाराने नवऱ्याचं नाव दिलं की माहेर गायब. पती किंवा पत्नी आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता त्यात येते. कमावता मुलगा, भाऊ, पुतण्या येत नाही. घराणेशाही नेमकी त्याच फटीत राहते.

उलटतपासणी
मग नात्याचा रकाना सक्तीचा करा की.

दप्तरदार
कुठवर? पुतण्या धरला तर भाचा का नाही? व्याही, साडू? पश्चिम महाराष्ट्रात सोयरीक मोजायला बसलात तर रकाने कागदाबाहेर जातील.

बूथवरचा
याद्या गेल्या खड्ड्यात. आडनावाचा खरा खेळ मतयंत्रावर चालतो. २०१४, रायगड: सुनील तटकरे अनंत गीतेंकडून २,११० मतांनी पडले, आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं. २०२४, दिंडोरी: भास्कर भगरे यांच्यासमोर अपक्ष बाबू भगरे, नावापुढे 'सर'. भास्कर भगरे पेशाने शिक्षक, भागात 'भगरे सर' म्हणूनच ओळख. अपक्षाला १,०३,६३२ मतं. भास्कर भगरे तरीही निवडून आले, कारण फरक लाखावर होता. पण अपक्षाला एवढी मतं कशाच्या जोरावर पडली हे सांगायला नको. एकाच आडनावाचे उमेदवार एका मतदारसंघात नकोतच.

रकानेवाला
थांबा, दिंडोरीत आडनावाइतकंच चिन्ह होतं. भास्कर भगरेंच्या पक्षाचं, म्हणजे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षाला मिळालेली पिपाणी, जिचं मराठी नावही यादीत 'तुतारी' असंच छापलं गेलं. त्याच निवडणुकीत साताऱ्यात त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. तिथे पिपाणीवाल्या अपक्षाचं आडनाव गाडे, शिंदेशी काही साम्य नाही, तरी ३७,०६२ मतं. नुसत्या चिन्हाने एवढं होतं. नंतर पक्षाने ते चिन्ह गोठवायची मागणी केली, २०२४ च्या विधानसभेआधी आयोगाने ती मानली नाही; खरं तर तोच योग्य इलाज होता. ही सगळी मतं चुकूनच पडली असंही छातीठोक म्हणता येत नाही.

बूथवरचा
रायगडात चिन्हाचं साम्य नव्हतं हो. तिथे फक्त नाव.

रकानेवाला
खरंय. पण तेव्हा यंत्रावर फोटोही नव्हता. तो १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून आला, तोही काळा-पांढरा आणि टिकलीएवढा. २०२५ मध्ये बिहारपासून रंगीत झाला.

दप्तरदार
बंदी कायद्यात बसत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी याचिका ऐकायला नकार दिला. आईबापांनी ठेवलेल्या नावामुळे कुणाला उभं राहण्यापासून रोखणार कसं, हा साधा मुद्दा. सांगलीत तीन पाटील होते, मग बंदी कुणावर घालायची, आधी अर्ज भरेल तो एकटाच पाटील?

नियम आहेतच, ते वापरले जात नाहीत. १९६१ च्या निवडणूक नियमांत २२(३) म्हणतो की दोघांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी कशाने फरक दाखवावा. अडचण अशी की ते पूर्ण नाव सारखं असेल तरच लागू. 'भास्कर' आणि 'बाबू' वेगळे, म्हणून भगरेंना उपयोग नाही. दुसरं, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर आणि अपक्ष सगळ्यात खाली येतात. म्हणून घरोघरी चिठ्ठी देताना आडनाव मोठं छापू नका. अनुक्रमांक, फोटो आणि पहिलं नाव मोठं छापा. एका यंत्रावर १६ बटणं असतात. उमेदवार जास्त झाले की दुसरं यंत्र लागतं, तेव्हा 'पहिल्या यंत्रावर तिसरा' असं सांगावं लागतं. सांगलीत तीन पाटील असूनही विशाल पाटील अपक्ष निवडून आले, ते पहिलं नाव आणि पाकीट हे चिन्ह घराघरात नेऊन.

बूथवरचा
आणि त्याच १९६१ च्या नियमांतल्या नियम ८ चं काय? त्यात अर्जावरचं नाव बदलून 'लोक ज्या नावाने ओळखतात' ते लिहून देता येतं. 'सर' असंच येतं. अपक्षाला दहा सूचक आणि लोकसभेला फार तर २५,००० अनामत, एवढ्यात दुसरा 'सर' उभा राहतो.

दप्तरदार
मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सर खरा की खोटा हे तपासायचं? हजेरीपट मागवून?

बूथवरचा
मागवावा. शिक्षक असेल तर दाखवेल.