शब्दचर्चा : ‘रोबोटमाफिया’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न

‘फ्यूचरामा’ ही अमेरिकन कार्टून मालिका आईबाबांना आवडायला लागली आहे. संवाद फार भरभर जातात, म्हणून मी त्यांच्यासाठी घरीच मराठी सबटायटल्स करते आहे. ‘बेंडर गेट्स मेड’ या भागावर अडले आहे. दुसऱ्या सीझनमधला हा भाग ३० एप्रिल २००० ला फॉक्स वाहिनीवर लागला होता.

गोष्ट अशी. काळ इसवी सन ३००० च्या आसपासचा, गाव न्यू न्यूयॉर्क. बेंडर हा रोबोट मित्रांबरोबर टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध आचाऱ्याच्या हॉटेलात जेवतो आणि बिल अंगावर आल्यावर ते फेडायला त्याच्याच भटारखान्यात राबतो. तिथे त्याची गाठ रोबोट गुंडांशी पडते : म्होरक्या डॉनबॉट, हातांच्या जागी कचाट्यात धरणाऱ्या पकडी असलेला क्लॅम्प्स, आणि जोई माऊसपॅड. बेंडर त्यांच्यात जातो. मग टोळी सिगार नेणारं एक यान लुटायला निघते, आणि ते यान नेमकं बेंडरच्या स्वतःच्या कंपनीचं, आत त्याचेच मित्र.

दोन शब्द हवेत. ‘रोबोट माफिया’ला ‘रोबोटमाफिया’ चालेल का? आणि शीर्षकातल्या ‘मेड’चं काय करू? इटालियन-अमेरिकन टोळ्यांत रीतसर शपथ देऊन आत घेतलेल्या माणसाला ‘मेड मॅन’ म्हणतात. रोबोटही ‘मेड’च असतो, कारखान्यात. दोन्ही अर्थ एका शब्दात बसले आहेत.

प्रतिसाद

ताई, ‘रोबोटमाफिया’ नको. मराठीत आता वाळूमाफिया, भूमाफिया, टँकरमाफिया, कॉपीमाफिया हे शब्द रोज पेपरात असतात. या प्रत्येकात पहिला शब्द आहे तो मालाचा. वाळूमाफिया म्हणजे वाळू चोरून विकणारे. वाळूचे बनलेले गुंड नव्हेत. त्यामुळे ‘रोबोटमाफिया’ वाचल्यावर बाबांना वाटेल की कुणीतरी रोबोटांचा काळाबाजार करतंय. मालिकेत गुंड स्वतःच रोबोट आहेत. ‘रोबोटांची टोळी’ म्हणा. मूळ शब्द सिसिलीचा आहे आणि तिथे त्यात घराणं, शपथ, पायरीपायरीचे मानकरी असा सगळा संसार येतो. मराठीत येताना तो शब्द धंद्यापुरता उरला.

आणखी एक. ‘ऑर्गनाइज्ड क्राइम’ला ‘संघटित गुन्हेगारी’ बिनदिक्कत वापरा. १९९९ च्या मोक्का कायद्याच्या पूर्ण नावातच तो शब्द आहे, आणि मोक्का लागला म्हणजे काय ते घरोघरी कळतं.

प्रतिसाद

‘यंत्रमानव’ही टाळा असं मी सुचवेन. तो शब्द चांगला आहे, पण त्यात ‘मानव’ आहे आणि बेंडरला माणसांत मोजलेलं आवडत नाही. शिवाय ‘रोबोट’ शब्दाच्या पोटातली गोष्ट त्यात हरवते. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० च्या ‘आर.यू.आर.’ या नाटकात तो पहिल्यांदा वापरला, सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करायचं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वेठ. वेठबिगारीतली वेठ, वेठीस धरण्यातली वेठ. बिलापायी भटारखान्यात राबणारा बेंडर बघताना मला हा अर्थ फार जाणवला. तिथे ‘काम करतोय’ असं न लिहिता ‘वेठीला जुंपलाय’ लिहिलंत तर ‘रोबोट’चा मूळ अर्थ आपोआप परत येईल.

प्रतिसाद

मी बांधकामातला माणूस. नावाबद्दल बोलतो. स्लॅबच्या आधी आमच्या साइटवर जो सळई वाकवतो त्याला आम्ही ‘बार बेंडर’च म्हणतो. फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांत सळई अडकवायची, लोखंडी चावी लावायची आणि अंगाचा भार टाकून काटकोन काढायचा. कॉलमच्या रिंगा अशाच होतात, दिवसाला शेकड्यांनी, सगळ्या एका मापाच्या. कार्टूनमधला बेंडरही गर्डर वाकवण्यासाठीच बनवलेला आहे. तेव्हा नाव बदलू नका. ‘वाकव्या’ वगैरे तर अजिबात नको. साइटवरच्या कुठल्याही पोराला ‘बेंडर’ कळतो.

क्लॅम्प्सला ‘पकड्या’ म्हणा. असली नावं पाडायला आपल्याला ‘या’ हा प्रत्यय पुरतो.

प्रतिसाद

‘डॉन’ तसाच ठेवा. ‘भाई’ केलंत की गोष्ट थेट मुंबईत येते आणि न्यू न्यूयॉर्क पुसलं जातं. ‘डॉन’ लॅटिन ‘डोमिनुस’वरून आला, म्हणजे धनी. त्याचंच स्त्रीरूप पोर्तुगीज ‘दोना’, गोव्यातल्या दोना पावलात आहे ते.

‘मेड’साठी माझ्या मनात ‘गंडा’ आला. गाण्यातले गुरू शिष्याला आपला म्हणतात तेव्हा गंडा बांधतात, आणि फसवलं की गंडा घातला म्हणतो. बेंडरच्या बाबतीत दोन्ही घडतं : टोळी त्याला गंडा बांधते, तो मित्रांना गंडा घालतो. ‘बेंडरचा गंडा’?

मूळ प्रश्न विचारणारी

काका, ‘गंडा’ वाचून मी खरंच उठून उभी राहिले. पण आईला विचारलं. ती वीस वर्षं गाणं शिकली आहे. म्हणाली, गंडा बांधताना गुरू जे देतात ते विद्येचं नातं असतं, ते गुंडांना देऊ नकोस. तिचं मन मोडवत नाही. ‘बनवणे’ही बघितलं. रोबोट बनवतात आणि माणसांनाही बनवतात, तेव्हा अर्थ जुळतात. पण ‘बेंडरला बनवलं’ म्हटलं की फसला तोच असं होतं, आणि इथे फसतात मित्र.

एक वेगळी अडचणही आली. यान लुटताना बेंडर आवाज बदलून यानातल्या मित्रांपैकी लीलाशी बोलतो. तिला मुळात एकच डोळा, त्याला इजा होऊन वर पट्टी, म्हणून तिला फक्त ऐकू येतं. इंग्रजीत तो आधीही ‘यू’ म्हणतो आणि आताही. मराठीत एरवी तो तिला ‘तू’ म्हणतो. लुटारू होऊनही ‘तू’च म्हणाला तर ओळख पटेल ना?

प्रतिसाद

लुटीच्या प्रसंगात ‘तुम्ही’ आणि ‘बाई’ द्या. आवाज बदलला हे वाचणाऱ्याला ऐकून कळेलच असं नाही, ‘तुम्ही’ने डोळ्यांना कळेल. एखाद्या ठिकाणी घाईत त्याच्या तोंडून ‘तू’ निसटू द्या.

आणि ‘मेड’चं उत्तर मला याच सर्वनामांत सापडतंय. १९६३ मध्ये जो वलाची या टोळीतल्या माणसाने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे जबानी दिली, तेव्हा शपथेचा विधी आणि ‘कोझा नोस्त्रा’ हे नाव जगापुढे आलं. त्याचा अर्थ ‘आपली गोष्ट’. या टोळ्यांत ओळख करून देण्याची रीतही ठरलेली आहे. बाहेरच्या ओळखीच्या माणसाला ‘माझा मित्र’ म्हणायचं, शपथ घेतलेल्याला ‘आपला मित्र’. एका शब्दाने ऐकणाऱ्याला कळतं की याच्यासमोर किती बोलायचं. इंग्रजीत यासाठी ‘अवर’ वापरावा लागतो, आणि त्यात ऐकणारा धरला आहे की नाही हे संदर्भानेच समजतं. मराठीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ वेगळे आहेत. ‘आमचा’ म्हटलं की तुम्ही बाहेर, ‘आपला’ म्हटलं की तुम्ही आत. ‘मेड मॅन’ म्हणजे ‘आपला माणूस’, तंतोतंत.

मूळ प्रश्न विचारणारी

मिळालं. शीर्षक ‘बेंडर आपला झाला’. कारखान्याचा अर्थ गेला त्याची चुटपुट आहे. पण पकड्या बेंडरला ‘आपला माणूस’ म्हणतो त्याच वेळी यानात बसलेले त्याचे खरे आपले लुटले जाणार असतात. डॉनबॉटच्या तोंडी आधी ‘हा आमच्याकडे नवीन आहे’ आणि शपथेनंतर ‘हा आपला’ असं लिहिते. काल रात्री तेवढी दोन वाक्यं घालून भाग लावला. बाबा दुसऱ्या वाक्याला म्हणाले, “घेतला की रे याला.”