स्तोत्र 88 च्या शेवटी आशा का नाहीये? हे प्रार्थनेत म्हणायचं तरी कसं?

पेन्सिलची_खूण
जय ख्रिस्त सगळ्यांना. फेब्रुवारीत आई गेली. तेव्हापासून मला गाता येत नाहीये, म्हणजे आवाज निघतो पण उपासनेत 'स्तुती करा' म्हटलं की घसा आवळतो. आमच्या प्रार्थना सभेत एकीने जवळ घेऊन सांगितलं की रडू नकोस, रडण्याने विश्वास कमी पडतो, तू फक्त स्तुती करत राहा. तिचा हेतू चांगलाच होता, पण घरी येऊन मी दोन आठवडे बायबल उघडलं नाही.

मग परवा आईचं बायबल चाळताना एसटीचं जुनं तिकीट सापडलं, स्तोत्र 88 च्या पानात. शाई पार उडालीये. आणि शेवटच्या वचनाखाली, जिथे स्नेही सोबती सगळे दूर केलेस असं आहे, तिथे पेन्सिलने रेघ. आई कधी एका शब्दाने बोलली नाही हो मला, सगळ्यांसमोर कायम हसतमुख. ते स्तोत्र मी तीनदा वाचलं आणि ते अंधारातच संपतं, पुढे काहीच नाही. बाकीच्या स्तोत्रांत निदान शेवटी 'तरी मी गाईन' असं येतं ना. मग हे पवित्र शास्त्रात कशाला घेतलं असेल, आणि ही प्रार्थना कशी होते, कुणी सांगाल का?

निवृत्त_पाळक
ताई, आधी आईबद्दल वाईट वाटलं. आता तुमच्या प्रश्नाचं सांगतो, थोडं लांबेल.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. स्तोत्र 13 बघा, सहाच वचनं, सुरुवातीलाच चार वेळा 'कुठवर, कुठवर' आणि शेवटी मात्र गाणं. 22 मध्ये 'माझा त्याग का केलास' इथून सुरू होऊन मंडळीमध्ये स्तवनापर्यंत जातं. 88 मध्ये असं वळण नाहीच, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार असा आहे. पण स्तोत्रांच्या या सगळ्या पुस्तकाला हिब्रूत नाव काय आहे माहितीये का? तहिल्लीम, म्हणजे स्तवनं. गंमत अशी की वैयक्तिक शीर्षक म्हणून हा शब्द फक्त 145 व्या स्तोत्रावर आहे, आणि दीडशेपैकी साधारण एक तृतीयांश तर विलापाचीच स्तोत्रं आहेत. तरी ज्यांनी पुस्तक जुळवलं त्यांनी रडणारी स्तोत्रं बाजूला काढली नाहीत, सगळ्यांना मिळून स्तवनंच म्हटलं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं स्तोत्राच्या आत आहे. 10 ते 12 वचनं परत वाचा. स्तोत्रकर्ता देवाला विचारतो, मेलेले उठून तुझं स्तवन करतील का, कबरेत तुझी दया कोण सांगणार. म्हणजे बुडतानासुद्धा त्याला स्तवनाचीच काळजी पडलीये! गाता येत नाही हीच त्याची तक्रार आहे, अगदी तुमच्यासारखी. आणि ती तक्रार तो कुणाकडे करतो? पहिल्याच ओळीत 'माझ्या तारणाऱ्या देवा' म्हणून हाक आहे, मग 9 मध्ये परत हाक, 13 मध्ये सकाळी उठून परत. उत्तर येत नाही तरी दार सोडत नाही. त्या बहिणीने तुम्हाला सांगितलं त्यामागे माया असेल पण तसं शास्त्र सांगत नाही. येशूने वधस्तंभावर 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ घेतली, शेवटची नाही घेतली.

वाचताना मोठ्याने वाचा. 7 आणि 10 नंतर 'सेला' (ही थांबण्याची खूण असावी असं मानतात) येईल तिथे थांबा, घाई नको.

वसईची_पोर
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे हे स्तोत्र दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत येतं. माझी आत्या सिस्टर आहे, लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दिवे मंद, दोन्ही बाजूंच्या बाकांवर सिस्टर समोरासमोर, एक कडवं या बाजूने एक त्या बाजूने. मी नंतर विचारलं, आज तर तू एवढी खूश होतीस मग असलं का म्हणालीस, तर म्हणाली, "अगं आज माझी रात्र बरी आहे पण कुणाची तरी अशी असेलच ना, तिच्यातर्फे म्हणायचं." तेव्हा फारसं कळलं नव्हतं, पण म्हणजे ताई, तुमच्या आईची ती रेघ होती तेव्हाही कुठेतरी कुणीतरी शुक्रवारी हे म्हणतच होतं.

(जुन्या लॅटिन परंपरेतल्या पुस्तकात शोधायला गेलात तर हे 87 व्या नंबरवर मिळेल, तिथे 9 आणि 10 एकत्र धरलेत म्हणून पुढचे बरेच आकडे एकने मागे जातात. माझा एकदा फार गोंधळ झाला होता.)

नगरकर
पाळकसाहेबांना एक जोड. देवाशी भांडणं आपल्या मराठी माणसाला परकं कधी होतं? जनाबाई विठोबाला काय काय बोललीये, तुकोबांनी किती जाब विचारलेत, आणि त्यांना कुणी अभक्त म्हटलं नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर सांगायचे की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्ताकडे आले, म्हणूनच त्यांची भजनं अभंगाच्या चालीत आपल्या उपासना संगीतात आजही गळ्यात बसतात. माझ्या वडिलांच्या दफनानंतर मला टाळ्या वाजवून म्हणायची गाणी सहन होत नव्हती, टाळ आणि संथ चाल तेवढी चालायची. तुम्हीही सध्या उपासनेत नुसतं ऐका, गायलं नाही तरी चालतं, बाकीचे गातात ना तुमच्या वाटचं.

पेन्सिलची_खूण
सगळ्यांचे खूप आभार, वाचून खूप रडले पण बरं वाटलं. काल शुक्रवार होता म्हणून रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून आईच्याच बायबलमधून मोठ्याने वाचलं, सेलाला थांबले, दुसऱ्या सेलाला जरा जास्तच वेळ थांबले. शेवटच्या वचनाला आवाज फुटेना तर तिच्या रेघेवर बोट ठेवून नुसतं पाहिलं. मग खाली लगेच 89 सुरू होतं त्याची पहिली ओळ दिसली, परमेश्वराच्या दयेबद्दल मी सर्वकाळ गाईन अशी. ती मी अजून वाचलेली नाही मोठ्याने. तिकीट तेवढं एक पान पुढे सरकवून ठेवलंय.