मदत हवी आहे: बाबांच्या पायातल्या प्लेटवर जंतूंचा थर, कोणती अँटिबायोटिक लागू पडेल?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. मागच्या दिवाळीत रात्री वावरातून येताना बाबांच्या गाडीला रोही आडवा गेला. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. पाच महिने बरे गेले. मग टाक्यांच्या जागी बारीक छिद्र पडलं आणि पू यायला लागला.

आधी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दहा दिवस. पू थांबला, आठवड्यात परत आला. मग लिनेझोलिड बारा दिवस. तोच प्रकार. बाबा विचारतात, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, तरी हे काहून थांबून नाही राह्यलं?" माझ्याकडे उत्तर नाही.

पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस आला. रिपोर्टमध्ये लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन, सगळ्यांपुढे 'सेन्सिटिव्ह' लिहिलंय. मग सेन्सिटिव्ह औषध देऊनही जंतू मरत का नाही? नवीन डॉक्टर म्हणतात, प्लेटवर बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) झालीय, पाय उघडून साफ करावा लागेल, नंतर रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन काही महिने. रिफॅम्पिसिन तर टीबीचं औषध ना? नुसतं तेच आता सुरू केलं तर ऑपरेशन टळेल का? सोयाबीनची पेरणी तोंडावर आहे म्हणून बाबा ऑपरेशनला तयार नाहीत. त्यांना शुगर आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. हाडासाठी कॅल्शियमही घेतात. एक्स-रेत हाड अजून पूर्ण जुळलेलं नाही.

कोणी या विषयातलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

भाऊ, मी अमरावतीला लॅबमध्ये काम करतो, रोज असेच रिपोर्ट काढतो. आधी 'सेन्सिटिव्ह'चा अर्थ सांगतो. ती चाचणी मोकळ्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंवर होते. प्लेटवरचे जंतू मात्र स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात बसलेले असतात, त्यातले बरेचसे जवळजवळ झोपल्यासारखे. बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूला मारतात, झोपलेल्याला नाही. थरातल्या जंतूंना मारायला कधी कधी शेकडो पट जास्त औषध लागतं, आणि तेवढं माणसाला देता येत नाही. गोळ्यांनी बाहेर आलेले जंतू मरतात, म्हणून पू थांबतो. थर तिथंच राहतो, म्हणून परत येतो.

लिनेझोलिड हाडात चांगलं पोचतं, पण ते जंतूची वाढ रोखतं, स्टॅफिलोकोकस मारत नाही. शिवाय दोन आठवड्यांपुढे प्लेटलेट घसरू शकतात, त्यामुळे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. व्हँकोमायसिनही थरातल्या जंतूंपुढे दुबळंच पडतं. रिफॅम्पिसिनची खासियत ही की ते थरात शिरून संथ झालेल्या स्टॅफिलोकोकसलाही मारतं. स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. त्यात उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफॅम्पिसिन-सिप्रोफ्लॉक्सासिनचे (हे लेव्होफ्लॉक्सासिनच्याच गटातलं) १२ पैकी १२ रुग्ण बरे झाले, एकट्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे १२ पैकी ७. पण त्या सगळ्यांची आधी शस्त्रक्रियेने सफाई झाली होती आणि संसर्ग ताजा होता. तुमच्या बाबांचा जुना आहे. थर पक्का झालेला असतो, अशा वेळी बहुधा प्लेट काढावी किंवा बदलावी लागते. हाड जुळलं नसल्यामुळे त्याला आधार कशाचा देणार, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

एकटं रिफॅम्पिसिन कृपा करून सुरू करू नका. जंतूमध्ये एक छोटा बदल झाला की ते निकामी होतं, आणि जखमेत पू असताना तो धोका सर्वात मोठा. म्हणून सफाई होऊन जखम कोरडी झाल्यावरच, दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देतात. ते टीबीचंही औषध आहे, म्हणून बाबांना टीबी नाही ना, हे आधी पाहणंही तितकंच गरजेचं.

प्रतिसाद: पळसफूल

दादा, माझ्या भावाचं असंच झालं होतं. लघवी नारिंगी होते, घाबरू नका, ते रिफॅम्पिसिनमुळे. यकृताची तपासणी मात्र चुकवू नका. रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडचा असर कमी होतो, शुगर वाढू शकते, म्हणून डोस बदलावा लागेल का ते आधीच विचारा. कॅल्शियमची गोळी लेव्होफ्लॉक्सासिनसोबत दिली तर औषध कमी शोषलं जाऊ शकतं. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सफाईच्या आधी डॉक्टर दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवायला सांगतील, म्हणजे आतल्या हाडाच्या नमुन्यात जंतू नीट सापडतो. तेव्हा ताप आला किंवा पाय लाल झाला तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पेरणी तुह्या काकाले सांग." सोमवारी पहिल्या एसटीनं निघतो. प्लेट बदलण्याचं आणि शुगरच्या गोळीचं कागदावर लिहून घेतलंय.