वंशवृक्षाचा प्रकल्प आणि दत्तक लेक

पाऊलवाट:
मुलगी तिसरीत आहे. शाळेतून 'माझा वंशवृक्ष' आलाय. छापील झाड आहे, बुंध्याशी तिचं नाव, वर आईबाबा, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. सोबत आणखी एक पान: 'तुझे डोळे कुणासारखे? जिभेची नळी करता येते का? ती तुला कुणाकडून मिळाली?'

लेक दत्तक आहे. तिला ते कळायला लागल्यापासून माहीत आहे, वर्गात मात्र कुणाला नाही. झाड आमच्या नावांनी भरून होईल. दुसरं पान पाहून तिने विचारलं, "यात मी खोटं लिहू का?" काय सांगू तिला?

निळीशाई:
बाईंना भेटून या प्रकल्पातून सूट मागा. लेकराला त्रास कशाला?

मावसबहीण:
मी स्वतः दत्तक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सूट मागू नका. सगळा वर्ग झाडं रंगवत असताना एकटीच वेगळं काही करत बसली की मधल्या सुट्टीत पहिला प्रश्न तोच येतो.

आधी लेकीलाच विचारा: भिंतीवर काय लागलेलं चालेल आणि घरात काय ठेवायचं? तिच्या जन्माची गोष्ट तिची आहे. ती कुणाला सांगायची हे तिने ठरवावं, प्रकल्पाने नव्हे. शाळेच्या झाडावर तुमची नावं लिहिणं खोटं अजिबात नाही. तीच तिची आजी, तोच तिचा मामा. घरच्या कागदावर हवं तर मुळं काढा. फांद्यांवर तुम्ही सगळे आणि मुळांशी जन्मदाते, नाव माहीत नसलं तरी. मला लहानपणी असं झाड कुणी काढून दिलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

आता ते दुसरं पान. त्याचा मला खरंच राग येतो, कारण ते विज्ञान म्हणूनही चुकीचं आहे. जिभेची नळी एकाच जनुकामुळे होते असं अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडलं होतं. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांची पाहणी झाली, तेव्हा जनुकं सारखीच असूनही काही जोड्यांत एकाला नळी जमत होती आणि दुसऱ्याला नाही. डोळ्यांचा रंगही अनेक जनुकं मिळून ठरवतात. म्हणजे 'कुणाकडून मिळाली' याचं सरळ उत्तर सख्ख्या लेकरांकडेही नसतं. त्यापेक्षा वर्गातल्या किती जणांना नळी जमते ते मोजून आलेख काढावा. त्यात कुणाच्याच आईवडिलांना मध्ये आणावं लागत नाही.

रिकाम्या चौकटींची काळजी करू नका. दहा पिढ्या मागे गेलं की एकाच ओळीत १०२४ चौकटी होतात, त्या कुणाच्याच भरलेल्या नसतात. लेकीला आकडे आवडत असतील तर वंशावळीची क्रमांकपद्धत दाखवा. आपण १, कुणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. मग विचारा, १३ कोण? (आईच्या वडिलांची आई.)

खडूफळा:
मी प्राथमिकला शिकवते. नाती कळावीत आणि पिढ्यांमधला बदल दिसावा, एवढाच या प्रकल्पाचा हेतू असतो. त्यासाठी रक्ताचं नातं लागत नाही. मी मुलांना एका वयस्क माणसाशी बोलून यायला सांगते: शाळेत कसे जायचात, काय खेळायचात, पहिली कमाई कशाची? शेजारचे आजोबाही चालतात. आई एकटी असलेली, आजीकडे वाढणारी, नुकतंच घरातलं माणूस गेलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांचीही सोय होते.

पाऊलवाट:
मनापासून आभार. पण दत्तकाचा विषय न काढता बाईंना कसं सांगू?

खडूफळा:
चिठ्ठी द्या: 'बाई, प्रत्येक घराची रचना वेगळी असते. वंशवृक्ष, "माझी माणसं" हे चित्र किंवा मोठ्यांची मुलाखत यांपैकी एक निवडायची मुभा सगळ्या वर्गाला देता येईल का? दुसऱ्या पानाऐवजी वर्गात पाहणी घेतली तर मुलांना आलेखही शिकता येईल.' सगळ्या वर्गासाठी मागितलंत की कारण द्यावं लागत नाही. आणि ही चिठ्ठी प्रकल्प जमा करायच्या दिवशी नको, आत्ताच द्या. बाईंनाही तयारीला वेळ लागतो.